एक फेरा जास्त

रस्त्याकडेला झेंडूचे ढीग दिसायला लागले की मला चिंचेचा वास येतो. झेंडूचा येतोच, पण त्याच्या आतून कुठून तरी मीठ घातलेल्या चिंचेच्या कोळाचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत असं काही नव्हतं. तोवर दसरा म्हणजे माझ्या लेखी कामांचा आठवडा होता. पडदे धुणे, दुचाकीचं सर्व्हिसिंग, आपट्याची पानं वेळेत आणणे, खंडेनवमीच्या पूजेसाठी घरातलं सगळं लोखंड-पितळ एका जागी जमवणे. मी यादी करून जगणारी बाई आहे. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक, आणि एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, जिथं मी तयार मालाची शेवटची तपासणी बघते, तिथं टेबलाच्या काचेखाली तिसरी. घरातले हसतात. हसू देत. गॅसचा सिलिंडर त्यांच्या हसण्यानं येत नाही.

आज पुन्हा तोच आठवडा आहे. कसबा बावड्याच्या आमच्या कॉलनीमागं अजून थोडा ऊस उभा आहे. त्यावरून येणारा वारा पाऊस विसरलेला, कोरडा, जरासा गोडसर असतो. लवकरच साखर कारखान्याची चिमणी धुरायला लागेल. असा वारा अंगावर आला की माझी मान आपोआप डावीकडून उजवीकडे हलते. कुणाला नाही म्हणत नसते मी. दोन वर्षांपूर्वीची ती सवय आहे.

माझ्या वडिलांची, आण्णांची, एक जुनी टार्गेट रायफल आहे, पॉइंट टू-टूची. तिच्यावर बसणारी दुर्बीण रायफलीहून जुनी. कुणा निवृत्त फौजीकडून त्यांनी ती घेतली होती. हातभर लांब, करंगळीपेक्षा जरा जाड वाटावी इतकी सडपातळ, काळा रंग ठिकठिकाणी उडालेला. पुढच्या टोकाला भिंग बसवलेलं पितळी टोपण. हे टोपण फिरवलं की भिंग आत-बाहेर सरकतं, आणि त्यावर अंतराचे आकडे कोरलेत. टोपणाच्या मागं एक बारीक रिंग. टोपण त्या रिंगेला टेकेपर्यंत फिरवायचं, की पन्नासचा आकडा नळीवरच्या रेघेसमोर येऊन थांबतो. रिंग आण्णांनी स्वतः बसवली होती आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता.

कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा आण्णांनी मला पॅरॅलॅक्स शिकवला, तो भाजीवालीच्या तराजूवर. मंडईत तिच्या काट्याच्या तराजूसमोर उभं करून म्हणाले, "काटा कुठं आहे?" मी म्हटलं, "मधोमध." मला खांद्याला धरून त्यांनी दोन पावलं बाजूला सरकवलं. "आता?" आता काटा भाजीवालीच्या फायद्याचा दिसत होता. काटा हललाच नव्हता, मी हलले होते. "काटा आणि मागची पट्टी यांच्यात फट आहे," आण्णा म्हणाले. "फट आहे तोवर जो जिथून बघेल त्याला वेगळं दिसणार. दुर्बिणीत तीच फट मिटवायची असते. टार्गेटचं चित्र आणि क्रॉस, म्हणजे आतली नेम धरायची फुली, एकाच पातळीवर आले, की डोळा कुठंही ने, क्रॉस जागा सोडत नाही." भाजीवाली म्हणाली, "ओ पावणं, वांगी घ्यायची हायत का तराजू?"

आण्णा गेले, लायसन्स रीतसर माझ्या नावावर झालं. रविवारी कळंब्याच्या पुढच्या आमच्या नेमबाजीच्या रेंजवर जायचं हा माझा एकमेव चैनीचा कार्यक्रम. टेबलावर वाळूच्या पिशव्या, पिशव्यांवर रायफल, समोर पन्नास मीटरवर कागद. पावसाळ्यानंतर शेजारचा तलाव काठोकाठ असतो आणि पाण्यावरून आलेल्या वाऱ्याला बंदुकीच्या तेलाचा वास मिसळतो. आठवडाभराचे सगळे फोन, सगळी बिलं, सगळे नातेवाईक त्या एका काळ्या ठिपक्यापुढं गप्प होतात.

तर दोन वर्षांपूर्वी, दसरा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, मी डोळा लावला आणि टार्गेट धुरकट दिसलं. आकडा बघितला, पन्नास, रेघेसमोर. म्हणजे दुर्बीण बरोबर. मी डोळ्याकडची काच थोडी फिरवली, टार्गेट स्वच्छ झालं, पण क्रॉस जाडसर, पुसट झाला, जणू कुणी पेन्सिलीच्या रेघेवर बोट फिरवलंय. आणि श्वासाबरोबर मान किंचित हलली की तो क्रॉस ठिपक्यावरून सरकायचा. डावीकडे. परत. वर. एखाद्या माशीसारखा.

मी रायफल पिशवीत भरली आणि घरी आले.

माझ्या आईचे डोळे काचबिंदूनं गेले. एकदम नाही, कडेकडेनं. आधी ती ताटाशेजारचं पाण्याचं भांडं सांडायला लागली. आम्ही तिला वेंधळी म्हणायचो. मग जिन्याची शेवटची पायरी चुकायला लागली. मग दारातून आत येणारं माणूस तिला आवाजावरून कळायला लागलं. शेवटची काही वर्षं ती कुंकू लावताना दोन भुवयांच्या मधोमध आधी डाव्या हाताचं बोट टेकवायची आणि त्या बोटाच्या आधारानं उजव्या हातानं टिकली लावायची. टिकली कधी वाकडी गेली नाही. पण ते बोट बघवायचं नाही. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हा आजार घराण्यातून येतो, मुलींनी दरवर्षी तपासून घ्यायचं. मी दरवर्षी घेत होते, गणपती झाले की लगेच. नेमकी त्या वर्षी फाउंड्रीत मोठी ऑर्डर होती आणि तपासणी दिवाळीनंतर ढकलली गेली होती.

आता वाटेल, इतकी नीटनेटकी बाई, तिनं दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा होता. सासूबाईंचा मोतीबिंदू मी असाच तारीख पकडून काढून घेतला होता, नवऱ्याच्या दाताचं कामही. पण स्वतःच्या बाबतीत मी कागदावर 'डोळे' एवढंसुद्धा लिहू शकले नाही. लिहिलं असतं तर ते काम झालं असतं. आणि काम झालं असतं तर उत्तर मिळालं असतं.

ते पंधरा दिवस मी स्वतःची चोरून परीक्षा घेत हिंडत होते. फाउंड्रीत व्हर्नियरवरची, म्हणजे मापाच्या पट्टीवरची, रेघ वाचून झाली की पुन्हा वाचायची. फराळाच्या पिठाकडे बघताना नजरेच्या कोपऱ्यात तेलाचा डबा दिसतो का, ते बघायचं. रस्त्यावर आकाशकंदील लागले होते. एका कंदिलाकडे टक लावून शेजारचे किती दिसतात, ते मोजायचं. सगळे दिसायचे. पण रविवारी रेंजवर डोळा लावला की क्रॉस हिंडायचा. जगात दुसरीकडे कुठंही न दिसणारा दोष त्या एका नळीत स्वच्छ दिसत होता, आणि मला वाटायचं, दुर्बीण माझ्या डोळ्याआधी बातमी देतेय. आण्णांचीच दुर्बीण. ती खोटं कसं बोलेल?

तपासणीचं काम हातातून जाईल ही भीती होतीच. पण खरी भीती त्या बोटाची होती. आरशासमोर उभी राहून मी एकदा तसं बोट टेकवूनही बघितलं. आणि झटकन खाली घेतलं.

रेंजवर शिरीन असते. एनसीसीपासूनची मैत्रीण, गावात तिची बेकरी आहे. रविवारी येते ती अंगाला नानकटाईचा वास घेऊनच. दिवाळीच्या आधीचा रविवार होता. मी माझा टार्गेटचा कागद काढून आणला आणि तिनं तो उन्हात धरला.

"अगं सुमे, गोवर उठवलास की टार्गेटला!"

"वारा होता," मी म्हटलं.

"वारा? पान तरी हलालंय का बघ. तीन रविवार तेच सांगालीस. काय लपवालीस?"

मी काडतुसांची पेटी बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. मग म्हटलं, "माझा डोळा गेला, शिरीन. आईसारखा."

तिनं कागद खाली ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? क्रॉस जागेवर राहत नाही. हिंडतो."

"सरक. मी बघतो."

"नको."

"सरक म्हणतो ना."

मला तिला अडवायचं होतं. एवढे दिवस मी त्या दुर्बिणीला दुसऱ्या कुणाचा डोळा लावू दिला नव्हता, त्याचं कारण तिथं बाकावर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा कळलं. शिरीनला क्रॉस स्थिर दिसला, की निकाल लागला. मग डॉक्टरचीसुद्धा गरज नाही. गोळी सुटू नये म्हणून मी रायफलीचा बोल्ट बाहेर काढून ठेवला, कारण नियम म्हणजे नियम, आणि बाजूला झाले. तळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पाणी नको इतकं चमकत होतं.

मग राहवलं नाही. वळून बघितलं तर शिरीन दुर्बिणीला डोळा लावून नंदीबैलासारखी मान हलवत होती. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली.

"अगं, हे फिरालंय की!"

"काय?"

"क्रॉस. गरागरा फिरालाय. मला बी."

"नीट बघ."

"नीट काय बघू? काळ्या ठिपक्याच्या हिकडनं तिकडं जातोय नुसता. डोळा न्हाय गेला तुझा, ही दुर्बीणच उंडारालीय."

मी तिला आणखी एकदा बघायला लावलं. चष्मा काढून, मग चष्मा घालून. दुसऱ्या डोळ्यानं. शेवटी ती वैतागली. "दोघींचे डोळे एकाच रविवारी जातील व्हय गं? काय एसटी हाय ती, वेळेवर सुटायला?"

मी वाळूच्या पिशवीवरच बसले. हसत होते बहुतेक. शिरीन म्हणते रडत होतीस. ती तिची बाजू. इतकं हलकं वाटत होतं, की कुणी ढकललं असतं तर तळ्यापर्यंत तरंगत गेले असते. पंधरा दिवस छातीवर बसलेली गोष्ट एका परक्या डोळ्यानं उचलून बाजूला ठेवली होती.

मग मात्र माझ्यातली तपासणीवाली जागी झाली. तिला कुणी तरी आधीच उठवायला हवं होतं. फाउंड्रीत नव्या पोरींना मी पहिलं वाक्य हेच शिकवते, माप चुकीचं आलं की आधी मोजणारं गेज तपासा, मग मोजलेला पीस. चांगल्या डायलमध्ये काट्यामागं आरशाची पट्टी असते. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं, तरच वाचायचं. हे मी दिवसातून दहा वेळा सांगते. आणि स्वतःच्या बाबतीत गेजला हातही न लावता पीस भंगारात टाकून मोकळी झाले होते.

आधी दुर्बीण धरणाऱ्या कड्या हलवून बघितल्या. घट्ट. मग डोळ्याकडची काच. तिथं माझी चूक झाली होती, टार्गेट दिसावं म्हणून मी ती फिरवली होती. ती काच टार्गेटसाठी नसते, क्रॉससाठी असते. म्हणून नळी मोकळ्या आभाळाकडे केली, आणि नुसता क्रॉस काळा, बारीक, केसासारखा दिसेपर्यंत ती फिरवली. एकेकदा क्षणभरच बघायचं, नाहीतर डोळा सांभाळून घेतो आणि खोटं समाधान देतो. आता क्रॉस लख्ख होता आणि टार्गेट पुन्हा धुक्यात गेलं. म्हणजे दोष पुढं होता, टोपणात.

आकडा पन्नासच दाखवत होता. मी टोपण आत फिरवायला गेले, ते हलेना. शेवटपर्यंत जाऊन बसलं होतं. मागची रिंग जिथं हवी तिथं नव्हती, पार मागं, नळीच्या रंगात दडून बसली होती. तेव्हा कळलं. टोपणाला एकाहून जास्त फेरे आहेत. दर फेऱ्याला पन्नासचा आकडा रेघेसमोर येतोच. आकडा बरोबर होता, फेरा चुकला होता. तारीख बरोबर आणि महिना चुकलेला, तसं. टोपण एक अख्खा फेरा जास्त आत गेलं होतं.

बाहेर फिरवायला जोर लावला तेव्हा आट्यांतून करकर आवाज आला. शिरीननं तिथं नख घातलं, तपकिरी-हिरवट काही तरी निघालं. तिनं ते हुंगलं.

"चिंच हाय ही. सुमे, तुझ्या सासूची आमटी हितपर्यंत पोचली काय?"

आटे कापडानं पुसले आणि टोपण हळूहळू बाहेर घेतलं. टार्गेटच्या कडा गोळा होत गेल्या, कागदावरच्या वर्तुळांचे आकडे दिसायला लागले. दिसतंय म्हणून थांबायचं नसतं, ते आण्णांनी बजावलं होतं. स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं. मान हलवत राहिले, टोपण केसभर फिरवत राहिले. क्रॉस आधी हातभर हिंडत होता, मग बोटभर, मग थरथरल्यासारखा, आणि मग मी डोळा पार काचेच्या कडेला नेला, चित्र काळं पडायला लागलं, तरी क्रॉस त्या ठिपक्याच्या मधोमध बसून होता. खिळ्यानं ठोकल्यासारखा. रिंग पुढं आणून टेकवली, आवळली. शिरीनला दाखवलं. ती म्हणाली, "बसला गप. आता माझी नानकटाई खा."

घरी आले तेव्हा सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, पाट मांडून करंज्या भरत बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपास वय, हाताला उसंत नाही. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, खंडेनवमीला दुर्बिणीचं ते पितळी टोपण तुम्ही काढलं होतं का?"

"घासलं की मी," आत्या म्हणाल्या. "केवढं काळंकुट्ट झालतं! तुझा बाप गेल्यापासनं कोण हात लावलतं त्याला? देवापुढं मांडायची वस्तू, तशीच ठिवू?"

"आणि त्याच्यामागची बारकी रिंग?"

"ती आडवी येत हुती. सारली मागं. मग कसं गच्च बसलं टोपण! तिखटाच्या डब्याला बी एवढं गच्च बसत न्हाय."

त्यांच्या बाजूनं त्यात काहीच चुकलं नव्हतं. आमच्याकडे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी विळी, खुरपी, पान्हे, शिलाई मशीन, माझा व्हर्नियर, सगळं त्यांच्या हाताखालून जातं, आणि पितळ दिसलं की चिंच ठरलेली. झाकण असेल तर ते काढून घासायचं, आणि परत लावायचं तर घट्ट. तांब्याला, समईला, डब्याला जो न्याय, तोच आण्णांच्या दुर्बिणीला. भिंगाला मात्र त्यांनी नुसतं मऊ धडुतं लावलं होतं. "काच हाय म्हणून," त्या म्हणाल्या. मला हसू आवरेना.

"हसायला काय झालं?"

मग मी सांगितलं. क्रॉसचं सांगितलं, आणि ओघात डोळ्याचंही. आईचं. बोटाचं. आत्यांच्या हातातली करंजी अर्धी भरलेली तशीच राहिली.

"आन हे मला आत्ता सांगालीस?"

"तुम्हाला कशाला त्रास..."

"पंधरा दिस एकटीच घिऊन बसलीस. घरात आम्ही काय पावणं म्हणून ऱ्हातो?" त्यांनी करंजीची कड इतकी जोरात दाबली की सारण बाहेर आलं. "उद्या दवाखान्यात जायाचं. मी बी येणार."

दुर्बीण सुटली म्हणजे डोळा सुटला असं होत नाही, हे मलाही माहीत होतं. गेलो. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी प्रेशर बघितलं, थेंब घातले, बाजूची नजर मशीनवर तपासली. मी त्या पांढऱ्या गोलात चमकणाऱ्या ठिपक्यांसाठी बटण दाबत होते, आणि एकेक ठिपका दिसत होता, कडेचासुद्धा. शेवटी त्या म्हणाल्या, "सगळं छान आहे. जवळचा नंबर तेवढा वाढलाय, तो वयाचा. दरवर्षी येत राहा."

"म्हंजे डोळा हाय," आत्या म्हणाल्या.

"आहे की, आजी."

"मग चिठ्ठीवर तसं लिवून द्या. ही बाई लिवल्याबगर काय मानत न्हाय."

बाहेर आलो तर थेंबांमुळं सगळे आकाशकंदील मोठे, पसरट, एकमेकांत मिसळलेले दिसत होते. इतकं धुरकट दिसत असूनही इतका आनंद मला पुन्हा झालेला नाही. आत्यांनी रस्ता ओलांडताना माझा हात धरला. एरवी मी त्यांचा धरते.

त्यानंतर अनेकदा वाटलं, की वाईट बातमीवर माणूस किती चटकन विश्वास ठेवतो. चांगली असती तर मी दहा वेळा तपासली असती. आणि ज्या दुर्बिणीत मी एकटी पंधरा दिवस डोळा घालून बसले, तिच्यात नुसतं दुसऱ्याला डोकावू दिलं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं. एका जागेवरून बघणाऱ्याला काटा कुठं आहे ते कळत नाही. आण्णांनी मला दोन पावलं सरकवलं होतं. स्वतःला सरकवायला मी विसरले होते.

आता आमच्या घरी खंडेनवमीची पद्धत थोडी बदलली आहे. आदल्या दिवशी चिंचेचा कोळ तयार होतो, समई निघते, पान्हे निघतात. टोपण निघत नाही. टोपण आणि रिंग जिथं मिळतात तिथं मी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली आहे, आणि पूजेला आत्या बरोबर त्या रेघेवर कुंकवाचं बोट लावतात, अर्धं टोपणावर, अर्धं रिंगेवर. कुंकू दुभंगलं की समजायचं, कुणी तरी फिरवलंय. आण्णांना हे आवडलं असतं, असं मला वाटतं.

आज दुपारी नुसती दुर्बीण घेऊन आम्ही दोघी गच्चीवर गेलो. उशीवर ठेवली. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बरोबर पन्नास मीटरवर आहे, टेपनं मोजलेली. तिच्यावर रंगानं घराचा नंबर लिहिलाय, त्यातल्या शून्याच्या पोटात क्रॉस बसवायचा.

"आधी तुम्ही," मी म्हटलं.

आत्यांनी पदर खोचला, डोळा लावला, मान हलवली. मोतीबिंदू काढलेला तो डोळा आमच्या घरातला सगळ्यात नवा डोळा आहे.

"बसलाय. हलत न्हाय."

त्या उठल्या, मी बसले. वाऱ्याला उसाचा वास होता. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, थोडी वर. शून्याच्या पोटात क्रॉस शांत होता.

"हललं काय?" मागून आवाज आला.

"नाही."

"मग ऊठ की. तुझ्या यादीत फुडचं काय हाय?"